पालथ्या घागरीचा घाट

हां हां पाहुणे, बोटं आवरा! या घाटावर मडकं वाजवून घेत नाहीत जी. टिचकी मारायची नाही, कानाशी न्यायचं नाही. दोन पैशांचं मडकंही वाजवून घ्यावं हे आम्हालाही ठाऊक आहे, आम्ही काही आभाळातून पडलो नाही. पण इथली रीत वेगळी. घागर पालथी करायची, छातीशी धरायची आणि घरी न्यायची. का? बसा सावलीत, सांगतो.

फार जुनी गोष्ट. तलावाच्या त्या काठाला, कुंभारटोलीत, भिवरा नावाची कुंभारीण राहायची. नवरा वारल्यावर चाक तिनेच हाती घेतलं म्हणे. बाईने चाकाला हात लावू नये म्हणणाऱ्यांना तिने भीक घातली नाही. पण एका वर्षी आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, नीट भाजला नाही आणि तिची एक घागर आमच्या गावच्या कौसाकडे चीर जाऊन झिरपली. झालं! कौसा तोंडाची फाटकी. भर बाजारात तिने घागर परत आणून ठेवली. “बाईने घडवलेलं मडकं ते, आणखी काय होणार?” तेव्हापासून जो तो भिवराची मडकी वाजवून बघायचा आणि घ्यायचा मात्र दुसऱ्याकडून. भिवराही हट्टी. ती चिरलेली घागर तिने फेकली नाही. तिच्यातच शिदोरी घालून ती बाजाराला यायची.

पुढल्या वर्षी अखाजी, तुमची अक्षय तृतीया, जवळ आली. त्या दिवशी पितरांच्या नावाने नवी घागर भरावीच लागते. भिवराने माती स्वतः तुडवली, आवा स्वतः राखला. घागरी कशा खणखणीत उतरल्या! यंदाही त्या खपल्या नाहीत तर चाक बंद, हे तिला कळून चुकलं होतं. दशरू धिवराच्या मोठ्या डोंग्यात, म्हणजे लाकडी नावेत, तिने सगळा माल रचला. डोंग्यात मोहफुलं वेचून परतणाऱ्या चारदोन बायाही होत्या, आणि नेमकी त्यांतच कौसा. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या, असं सांगतात.

तलावाच्या मधोमध वादळी वाऱ्याचं वावधान सुटलं. बाप्पा रे! लाटा डोंग्याच्या काठावरून आत यायला लागल्या. दशरू ओरडला, “मडकी फेका, भार हलका करा!”

भिवराने पहिली घागर उचलली आणि तिचा हात थांबला. मालाच्या मायेने नव्हे. लहानपणी मातीच्या खाणीतल्या डबक्यात ती पालथ्या मडक्यावर पोहायला शिकली होती.

“फेकू नका गं! पालथी करा, छातीखाली दाबून धरा!”

एकेकीच्या हाती ती घागर देत गेली. कौसाच्याही. तिनेही न वाजवता घेतली. जीव जायची वेळ आली तेव्हा कोण वाजवतं मडकं? पुढच्याच लाटेसरशी डोंगा उलटला आणि उरला माल घेऊन तळाला गेला.

भिवराच्या हाती राहिली ती शिदोरीची घागर. चिरेतून हवा निसटू लागली, घागर जड झाली. कौसाने पाहिलं. आपणच परत केलेली घागर तिने लगेच ओळखली.

“टाक ती, भिवरे! माझ्या घागरीला धर!”

“एकीलाच पेलेल ती. जा तू.”

“तुझ्या हातची आहे,” कौसा म्हणाली, “दोघींना पेलेल.”

पेललं जी. दशरूने पोहत पोहत सगळ्यांना ढकलत आणलं आणि याच घाटाला लावलं. माल बुडाला, डोंगा बुडाला, पण माणूस एकही गेलं नाही. कौसा भिवराच्या गळ्यात पडून रडली. भिवरा म्हणे हसून एवढंच बोलली, “वाजवत बसली असतीस, तर बुडाली असतीस.”

दुसऱ्या दिवशी गावाने जंगलातून लाकूड तोडून दशरूचा नवा डोंगा घडवायला घेतला. आणि भिवराच्या अंगणात घरोघरचं धान येऊन पडलं, अजून न घडलेल्या घागरींचं मोल म्हणून. कौसाने सगळ्यांत आधी नेऊन ओतलं.

आजही कुंभारटोलीत आवा उघडला की प्रत्येक मडकं कुंभारच वाजवतो आणि बद्द बोललं तर तिथंच फोडतो. इकडे कुणी तपासणार नाही, हे त्याला ठाऊक असतं ना, म्हणून! आजही अखाजीला आमच्या गावात पहिली घागर भिवराच्या नावाने भरतात, आपल्या पितरांची त्यानंतर. आमच्या घरी तर नक्कीच. मी कौसाच्या वंशातला. त्या दिवशी कौसाच्या छातीखालची ती घागर झिरपली असती, तर ही गोष्ट सांगायला मी नसतो.

घ्या, धरा आता छातीशी.