पाकोळीचा उसवलेला पंख

साखळी गोष्टींच्या अनेक पाठांत एखाद्या लहानग्या जिवाचे काही हरवते. कुठे दाणा, कुठे शेपूट. बहुधा शेवटी कुणीतरी चावण्याचा धाक घालते, आणि मग साखळी सुटते. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर मशीनने भरतकाम करणाऱ्या घरातला हा पाठ जरा निराळा आहे. येथे पंख हरवतो, आणि धाक कुणीच घालत नाही. वाचताना आवाज हळू ठेवावा.

दुपार होती. पेंगुळलेली दुपार. पडदा हले, पडदा थांबे.

मेजावर एक झबले होते. मऊ मऊ. ओढले की लांब, सोडले की आखूड. झबल्यावर भरलेली एक पाकोळी होती. निळ्या धाग्याची.

धागा सुटला. सर्र! एक पंख उसवला.

“आता दुसरा उसवेल,” पाकोळी म्हणाली. “मग मी उरणारच नाही!”

ती झबल्यावरून उतरली. लुटूलुटू, लुटूलुटू. मशीनच्या सुईकडे आली.

“सुईताई, सुईताई, चाल ना. पंख मिळेना!”

“छे बाई! हलत्या कापडावर कोण चालेल? झबलं थांबलं, तर चालेन.”

लुटूलुटू, लुटूलुटू. पाकोळी झबल्याकडे आली.

“झबलेदादा, झबलेदादा, थांब ना. सुई चालेना, पंख मिळेना!”

“मी असाच. लांब होतो, आखूड होतो. पाठीला कागद चिकटला, तर थांबेन.”

लुटूलुटू, लुटूलुटू. पाकोळी चिकट कागदाकडे आली.

“कागदभाऊ, कागदभाऊ, चिकट ना. झबलं थांबेना, सुई चालेना, पंख मिळेना!”

“एकटा मी फरफर उडतो गं. कड्यानं ताठ धरलं, तर चिकटेन.”

लुटूलुटू, लुटूलुटू. पाकोळी भरतकामाच्या गोल कड्याकडे आली.

“कडेकाका, कडेकाका, धरा ना. कागद चिकटेना, झबलं थांबेना, सुई चालेना, पंख मिळेना!”

“धरू कसा? माझा स्क्रू सैल. मावशीनं पिळला, तर धरीन.”

लुटूलुटू, लुटूलुटू. अनसूमावशी बाळाजवळ बसली होती.

“मावशी, मावशी, पीळ ना. कडं धरेना, कागद चिकटेना, झबलं थांबेना, सुई चालेना, पंख मिळेना!”

“अगं एकपंखे, हात कुठाय मोकळा? हा लबाड बघ, माझं बोट धरून निजलाय! बाळानं सोडलं, तर पिळीन.”

लुटूलुटू… लुटू… पाकोळी बाळाच्या मुठीवर चढली.

“बाळा, बाळा, सोड ना. मावशी पिळेना, कडं धरेना, कागद चिकटेना, झबलं थांबेना, सुई चालेना, पंख मिळेना!”

धागा आणखी सुटला. सर्र!

बाळ स्वप्नात होते. स्वप्नातही एक पाकोळी होती. निळी निळी, ढगाएवढी. बाळ हसले. तिला धरायला त्याने मूठ उघडली.

बोट सुटले.

मावशीने स्क्रू पिळला. कड्याने कागद धरला. कागद झबल्याला चिकटला. झबले थांबले. पाकोळी आपल्या जागी बसली. सुई चालली. टकटक, टकटक, टकटक.

पंख मिळाला!

पाकोळीने दोन्ही पंख हलवले. भिरभिर, भिरभिर.

मावशीने मागचा कागद अलगद फाडला, आणि झबले बाळाच्या अंगात घातले.