महाराजांचे ओले सरपण

शके अठराशे अठ्ठेचाळीस. त्या वर्षी वैशाखात श्रीविरूपनाथ महाराज खाडीकाठच्या किंजळोली गावी आले. ते रवळनाथाच्या देवळात उतरतील असे सगळ्यांना वाटले होते. रंगोबा खोतांनी तर माडीवर गादी घालून ठेवली होती. पण महाराज देवळापाशी थांबले नाहीत आणि खोतांच्या पायरीपाशीही थांबले नाहीत. टेकडी उतरून ते थेट खाडीच्या काठाला गेले आणि आवडीच्या पडवीत घोंगडी टाकून बसले.

ही आवडी म्हणजे नावाड्याची विधवा. नवरा गेल्यावर तिचा एकुलता एक मुलगा धाकू गावची होडी चालवी. शेवटचे घर तिचे, त्याच्या पुढे नुसते पाणी.

स्टोव्ह तेव्हा गावात कुणी पाहिलासुद्धा नव्हता. चूल पेटली तर घर जेवले. आणि कोकणातला पाऊस एकदा धरला की चार महिने वाळले लाकूड मिळायचे नाही. म्हणून शिमगा झाला की घरोघर जळणाच्या बेगमीची धांदल उडे. पण आवडीसारखे सरपण कुणाचेच नसे. लाकूड ओले असतानाच ती फोडून घेई, कारण तेव्हा ते रेषेत सरळ फुटते. मग दगडांवर आडव्या काठ्या टाकून त्यांवर फोडी रचायच्या, वाळवी लागू नये म्हणून जमिनीपासून उंच आणि आतून वारा खेळावा म्हणून जराशा विरळ. वर झावळ्या टाकायच्या, बाजू मात्र उघड्याच. दोन फोडी हातात घेऊन ती एकमेकींवर आपटी. आवाज बद्द आला की म्हणे, "बाय, तू बस अजून उन्हात." खणखणीत आला की ती फोड पडवीत जाई. मागच्या वर्षीचे लाकूड आधी जाळायचे, यंदाचे मागे ठेवायचे. चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याचे भात, कोकमाची सोले, खोबऱ्याच्या वाट्या असत. त्यांना धुरी द्यायला नारळाची सोडणे, म्हणजे वरची केसाळ साले, वेगळी, आणि तीही मोजकी. तिच्या चुलीतले लाकूड लख्ख जळे. एरवी छपरातून धुराची रेघसुद्धा निघत नसे.

खोतांना तेवढेच निमित्त पुरे होई. त्यांच्या घरी कुळे पाहिजे तेव्हा किंजळाचे लाकूड आणून अंगणात टाकीत आणि ते तिथेच भिजत पडे. घरातल्या बायका डोळे पुशीत रांधीत. खोतांना मात्र त्याचाच अभिमान. "नांदत्या घराला धूर असतो," ते म्हणत. "माझ्या चुलीचा धूर खाडीपलीकडून दिसतो!" आणि वाटेत आवडी दिसली की हाक मारीत, "काय गो आवडे, आज पण एकादशी वाटतं? तुझ्या छपरातून काही निघताना दिसत नाही!"

"निघंल कशाला, खोतानू?" आवडी म्हणे. "धूर पोटात जात नाय, पेज जाते."

लोक हसत, आणि खोतांना ते लागे.

महाराजांपुढे आवडीने त्या दिवशी पेज ठेवली. बसल्या बसल्या चूल पेटली, बघता बघता पेज झाली, आणि महाराजांच्या डोळ्यांना धुराची आच लागली नाही. महाराज म्हणाले, "माय, तुझं सरपण म्हणजे तुझी पूजाच आहे."

आवडीने हात जोडले. "बाबा, तुमच्यासाठी काय करू, सांगा."

देवळामागचे किंजळाचे झाड नुकतेच पडले होते. महाराज स्वतः तिथे गेले, त्याच्या चार ओल्या फांद्या खांद्यावर घेऊन आले आणि पडवीतल्या रांजणाखाली त्यांनी त्या ठेवल्या. "ही लाकडं आमची. वाळवू नकोस. रोज यांवर पाणी घाल. आम्ही मागू तेव्हा पेटव."

आवडी बघतच राहिली. "बाबा, ओलं लाकूड? घरात? त्याला बुरशी येईल, वाळवी लागंल. आणि मला लोक काय म्हणतील?"

"हसतील," महाराज म्हणाले. "हसू दे. आम्हाला आमचं ओलंच बरं." आणि दुसऱ्या दिवशी ते देवथळीच्या मठाकडे निघून गेले.

लोक हसलेच. सगळे गाव लाकडे उन्हात घालीत होते आणि आवडी तेवढी चार लाकडांवर तांब्यातांब्याने पाणी ओतीत होती! खोत मुद्दाम टेकडी उतरून बघायला आले. "आवडे, लाकडाला पालवी फुटायची वाट बघतेस काय? का नाथांनी तुला बाग लावून दिली?"

"त्यांनी सांगितलंय, मी करतेय," आवडी म्हणाली. तिला त्या लाकडांची लाज वाटे, हे खरे. जन्मभर जे हात लाकूड वाळवीत आले, त्यांनाच ते भिजवायला लागत होते. पण तिने एक दिवस चुकवला नाही.

श्रावण लागला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी खोतांना पलीकडच्या गावाहून लेकीला आणायचे होते. मथुरा त्यांची लाडकी, तिच्या मांडीवर तान्ही मुलगी, आणि पहिलीच नागपंचमी माहेरी. सकाळी ऊन पडले होते, पण धाकूने समुद्राकडे पाहून मान हलवली. "खोतानू, आज नको. मुखाकडं काळं धरलंय."

"आईवर गेलास!" खोत म्हणाले. "तिला लाकडं भिजायची भीती, तुला अंग भिजायची."

धाकूने खोतांना बसवून होडी सोडली. जाताना खाडी शांत होती. मथुरेला घेऊन परत फिरले आणि पाणी निम्मे कापतात न कापतात तोच समुद्राकडून पाऊस आला. असा आला की पुढचा काठ गेला, मागचा काठ गेला, वल्ह्याचे टोकही दिसेना. त्यातच ओहोटी लागली. डोंगरातून आलेले पुराचे पाणी आणि ओहोटी मिळून होडीला खाडीच्या मुखाकडे ओढू लागली, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तिथे गेलेली होडी परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

गाव काठावर जमले. शंख फुंकले, ढोल बडवले, पण वारा समुद्राकडून गावाकडे होता, तो आवाज उलटा टेकडीवर फेकत होता. खोतांची बायको चिखलातच बसली. आवडी गुडघाभर पाण्यात उभी राहून "धाकू रे!" म्हणून ओरडत होती. घसा बसल्यावर ती मशाल पेटवायला निखारे आणावेत म्हणून घराकडे धावली.

आणि पाहते तो काय! पडवीत महाराज बसलेले! घोंगडी निथळत होती, दात वाजत होते.

"आवडे, गारठलो गं. आमची लाकडं पेटव."

"बाबा!" तिने पाय धरले. "माझा धाकू खाडीत हाय..."

"ठाऊक आहे आम्हाला. पेटव."

तिचा हात सवयीने वाळल्या फोडींकडे गेला. "आत्ता जाळ करते, बाबा, खणखणीत..."

"ती नव्हेत," महाराज म्हणाले. "आमची."

आवडीच्या मनात आले, पोटचे पोर बुडते आहे, महाराज थंडीने कुडकुडताहेत आणि ओल्या लाकडाला ऊब कसली! पण तिने प्रश्न केला नाही. खाली वाळल्या फोडी मांडून तिने जाळ केला आणि वर रांजणाखालची किंजळाची लाकडे रचली. ती फुसफुसली, त्यांच्या टोकांतून पाणी उकळून आले, आणि मग जो धूर उठला! पांढरा, दाट, कडवट. आवडीच्या घराने असा धूर कधी पाहिला नव्हता. महाराज चुलीपुढे येऊन बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ते हलले नाहीत. "खाडीकडचं दार उघड," ते म्हणाले.

तिने दार उघडले. बाहेर वारा समोरून अंगावर येत होता, पाऊस कोसळत होता. धूर घरात उलटा कोंडायला हवा होता, पण तो वाकून दारातून बाहेर पडला आणि पाण्याला अंग घासत वाऱ्याच्या तोंडावर सरळ निघाला. पावसाने तो खाली बसला नाही की वाऱ्याने फाटला नाही!

धूर पाहून शेजारीण धावत आली. "अगो, पोरगा पाण्यात आणि तू धुरी घेत बसलीस? डोकं फिरलं काय तुझं?"

"महाराजांना थंडी वाजतेय," आवडी म्हणाली.

"कुठले महाराज? इथं तर तुझ्याशिवाय कुणी नाय!"

तिकडे होडीत धाकूने वल्हे थांबवले होते. लाटा फुटल्याचा आवाज चहूकडून येत होता, कुठे न्यावे ते कळेना. मथुरेने तान्हीला पदरात बांधले होते. खोत "रवळनाथा, रवळनाथा" म्हणत होते. एकाएकी त्यांनी मान वर केली.

"धाकू, धूर! अरे, हा तर आमच्या चुलीचा वास! ओलं किंजळ! गावात आमच्याशिवाय कोण जाळतो?"

"वारा तिकडून नाय, खोतानू. वास उलटा कसा येईल?"

"माझं घर मला ओळखू येत नाही? वल्हव!"

धाकूने होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, तिकडे वळवली. जरा डावीकडे गेले की वास जाई, उजवीकडे गेले तरी जाई. नाळ नेमकी रोखली की डोळे चुरचुरत. दिसत काहीच नव्हते. डोळ्यांतल्या पाण्यावर भरवसा ठेवून तो वल्हवत राहिला. दंड भरून आले, तळहात फुटले, आणि होडीचा तळ कचकन वाळूवर घासला.

खोत उडी मारून उतरले. टेकडीवर त्यांचे घर होते. तिथली चूल केव्हाच विझली होती, कारण सगळी बायामाणसे काठावर रडत होती. धूर येत होता तो समोरच्या दारातून, आवडीच्या. आवडी धावत आली, तिने धाकूला कवटाळले, मग मथुरेला, मग तान्हीला. खोत त्या दाराकडे पाहत पावसात उभे राहिले.

आवडीने घरात येऊन पाहिले तो चुलीपुढे कुणी नव्हते, पडवीतही नव्हते. जमीनही कोरडी होती.

नागपंचमी झाल्यावर आवडी देवथळीला निघाली. "मी येऊ का गो बरोबर?" खोतांनी विचारले. सगळी वाट ते तिच्या मागून चालले. मठात महाराज डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून पडले होते. शिष्य सांगू लागला, "महाराज तर पंधरवड्यात मठाबाहेर गेले नाहीत. पण पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी इथे बसल्या बसल्या खोकू लागले. चूल पेटलेली नाही, उदबत्तीही नाही, आणि म्हणतात, धूर फार झाला रे! तेव्हापासून डोळे लाल आहेत."

खोतांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी तुमच्या लाकडांना हसलो. माझ्या लेकीसाठी तुम्ही हे सोसलंत!"

महाराजांनी पट्टी बाजूला केली आणि हसले. "खोत, आम्ही नुसते बसलो होतो. लाकूड हिनं राखलं. आणि एक सांगतो, तुमच्या घरच्या बायका रोज काय सोसतात, ते आम्हाला एका दुपारीत कळलं."

खोत आवडीकडे वळून वाकले. ती घाईने मागे सरली. "उठा वो, खोतानू! चार माणसं बघतायत!" पण खोत उठले नाहीत.

महाराजांनी पुढल्या माघात देवथळीला समाधी घेतली. खोतांनी गावी परतताच अंगणात सरपणाची खोप बांधली, आणि त्यांच्या बायकोचे डोळे दिवाळीपर्यंत निवळले. खोत पुढे गुरुवारच्या भजनात सगळ्यांच्या मागे बसून झांजा वाजवीत. त्यांचा ताल सदा चुके, पण कुणी त्यांना तसे म्हटले नाही. धाकूने खाडीवर पूल होईपर्यंत होडी चालवली. पदरातली ती तान्ही म्हणजे माझ्या सासूबाई. आईच्या, म्हणजे मथुराबाईंच्या, तोंडून त्यांनी हे ऐकले आणि त्यांच्या तोंडून मी. आवडी पुष्कळ वर्षे जगली आणि एका आषाढात, झड लागलेली असताना, शांतपणे गेली. असा पाऊस की पुरुषभर अंतरावरचे दिसेना, पण चिता पेटेल कशी, असे कुणी विचारले नाही. घरोघरून एकेक वाळली फोड आली. म्हातारे रंगोबा खोत आपली फोड घोंगडीखाली झाकून स्वतःच्या खांद्यावरून घेऊन आले. ती त्यांनी तिच्या पायांशी ठेवली आणि भिजल्या जमिनीवर माथा टेकला.