जपानचे गप्प श्रोते

"मास्तर, ऐकून गप्प बसणाऱ्या माणसांचं काय करायचं?"

श्रीशैलने दारातूनच विचारलं.

चन्नप्पा मास्तर सुंदरीची फुंकायची पत्ती पाण्यात भिजवत बसले होते. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. सोलापुरात ती वाजवणारे आता थोडेच उरलेत. श्रीशैल लहानपणापासून मास्तरांकडेच शिकला.

"कुठली माणसं?"

"जपानची."

मास्तरांनी मान वर केली.

श्रीशैलला आपल्या हुशारीचा अभिमान होता. कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता त्याने आपलं वादन इंटरनेटवरून थेट जपानपर्यंत पोचवलं होतं. धुनांना जपानी नावं दिली, चित्रात कागदी कंदील टाकले, तिकडची माणसं कामावरून घरी येतात ती वेळ हेरून तो रोज एक तुकडा टाकत राहिला. श्रोते वाढले. मग त्याने जाहीर करून टाकलं, रविवारी थेट वाजवणार.

"काल वाजवलं," तो म्हणाला. "शेकड्यांनी आले. आपल्याकडे कुणी वा म्हणतं, कुणी लाल बदामाचं चित्र पाठवतं, नाहीतर सरळ निघून जातं. हे... काहीच नाही. एक अक्षर नाही. पडद्यावर नुसता आकडा. वाटलं, अंधारात कुणीतरी उभं राहून माझ्याकडे बघतंय. श्वास तुटला. धून अर्धी टाकून मी फोन बंद केला."

"शिव्या दिल्या कुणी?"

"नाही."

"उठून गेले?"

"नाही. मी बंद करेपर्यंत सगळे होते. तेच तर..."

"मग भ्यालास कशाला?"

श्रीशैल आत येऊन मास्तरांसमोर बसला.

"ते खरंच ऐकत होते, मास्तर."

मास्तरांनी पत्ती पाण्यातून काढली.

"माफी मागून आज साडेचारला परत वाजवतो म्हणून कळवलंय. आज तोंड लपवलं तर ते पुन्हा फिरकायचे नाहीत. आणि ओठ असे कोरडे पडलेत... तुम्ही शेजारी बसा. मी अडलो तर तुम्ही उचला."

"बसतो की."

साडेचार वाजले. श्रीशैलने फोन समोरच्या स्टुलावर उभा केला आणि शेजारची सतरंजी झटकली.

मास्तर उठले. सतरंजी ओलांडून ते फोनच्या मागे गेले आणि तिथे, श्रीशैलच्या बरोबर समोर, मांडी घालून बसले.

"मास्तर, इकडे..."

"मी या लोकांत बसतो."

एरवी शिकवताना मास्तरांची बोटं गुडघ्यावर ताल धरायची, चुकलं की ते "हं" करायचे. आज हात मांडीवर पडलेले. डोळे मिटलेले.

आकडा वाढत होता.

त्याने सुंदरी ओठाला लावली. पहिलाच स्वर फाटला. कुणी हसलं नाही. कुणी गेलं नाही. मास्तरांची भुवईसुद्धा हलली नाही. थांबावं तर कुणाकडे बघून थांबावं, तेच कळेना. म्हणून तो वाजवत राहिला. भीती काही गेली नाही, ती श्वासाबरोबर आत-बाहेर करत राहिली आणि स्वर तिच्यातूनच निघत राहिले. कालच्या जागी श्वास पुन्हा अडखळला. त्याने तसाच तो ओढला, पुढे नेला.

शेवटचा स्वर बारीक होत होत विरला.

पडद्यावर काहीच नाही. आकडा तेवढाच, एकही माणूस गेलेला नाही. मास्तर निश्चल.

श्रीशैलच्या कानशिलावरून घाम ओघळला. पुन्हा तेच. पुन्हा तोच अंधार आणि त्यात ती सगळी माणसं... त्याला ते सोसवेना.

"मास्तर," तो कसाबसा पुटपुटला, "कसं झालं?"

मास्तरांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. अजून चाललंय."