थाळपेठेचा तराजू

बसा मंडळी, चहा येतोय. तोवर एक सांगा, बाजारात विश्वास कुणावर ठेवावा? दुकानदाराच्या जिभेवर, की मालाच्या आवाजावर? घाई करू नका. घाईने उत्तर देणारं गिऱ्हाईक मला फार आवडतं, म्हणून सांगतो.

मघाशी कांशाची वाटी घेताना मी तराजू तुमच्या हातात दिला, तेव्हा तुम्ही हसलात. आमच्या थाळपेठेत विकणाऱ्याने तराजू धरायचा नाही, घेणाऱ्याने धरायचा, अशी चाल आहे. ती पडली त्या समोरच्या तळ्यामुळे. त्याला निवतळं म्हणतात.

मागचा घाट थेट कोकणात उतरतो. पूर्वी त्याच्या तोंडाशी कांशाचा मोठा थाळ टांगलेला असे. पावसाळा सरताना घाटात असं धुकं भरतं की शेपटी धरून चालणाऱ्याला बैल दिसत नाही. अशा वेळी थाळ वाजवायचा, आणि मीठ घेऊन येणारे तांडे आवाजाच्या रोखाने पाऊल टाकायचे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. थाळ वाजला तर वाट, नाही तर नाही.

तो थाळ एके वर्षी तडकला. नवा घडवायचं काम धोंडजी कासाराकडे आलं. तांबं गावाने दिलं, घरोघरची जुनी भांडी मोडून. कथील बंदरावरून यायचं, आणि ते आणायचे हरबाशेट वाणी. गोड माणूस, म्हणे. पाळण्यातल्या पोरालाही अहो-जाहो करायचे. त्यांनी त्या कथलात शिसं मिसळलं.

आता माझं दुकानातलं शास्त्र ऐका. शाळेचे मास्तर ज्याला अणू म्हणतात, ते तांब्यात एकसारख्या गोण्यांच्या थप्पीसारखे रचलेले असतात. ढकललं की थरावरून थर घसरतो, म्हणून तांबं वाकतं. मध्ये कथलाची जरा मोठी गोणी बसली की थर अडतात. दोन मऊ धातू मिळून एक कडक धातू होतो, आणि टोला दिला की बोलतो. शिसं मात्र त्या थप्पीत बसतच नाही. रुसलेल्या जावयासारखं फटीत वेगळं पडून राहतं, आणि आवाज तिथेच मुरतो.

नवा थाळ टांगला, धोंडजीने टोला दिला. भद्द! आवाज समोरच्या उंबरापर्यंतही गेला नाही. धोंडजीची बायको सगुणा तोंडाची फटकळ. म्हणाली, "शेट, कथील तुमचं, थाळ आमचा, मग आवाज मेल्या म्हशीचा कसा?"

"नवा आहे गं बाई," हरबाशेट हसून म्हणाले. "वाजवत राहा, कंठ फुटेल."

कंठ काही फुटला नाही. लोक म्हणू लागले, धोंडजीच्या हातालाच यश नाही. आणि एका सकाळी धुकं उतरलं, ओतल्यासारखं. त्याच्या जरा आधी तांड्यापुढे निघालेला जासूद वर पोचला होता. त्याने सांगितलं, मिठाचे बैल निम्म्या घाटात आलेत, आणि त्यांच्यासोबत होता हरबाशेटचा एकुलता एक मुलगा, नारायण.

हरबाशेट धावत थाळापाशी गेले. स्वतः टोले देऊ लागले. भद्द, भद्द. कड्याशी जाऊन हाका मारल्या, त्या कापसात बुडाव्या तशा बुडाल्या. परत थाळापाशी, परत कड्याशी. खालून बैलांच्या घुंगुरमाळा ऐकू यायच्या, घडीत डावीकडून, घडीत उजवीकडून. मग दगड घरंगळले. एक बैल हंबरला, आणि त्याचा हंबरडा खाली खाली गेला.

तेव्हा ते भट्टीवर आले. "धोंडजी, हात तुझा खोटा नाही. कथील माझं खोटं आहे." घरात दडवलेलं चोख कथील त्यांनी पुढ्यात टाकलं.

धोंडजीने भाता धरला. सगुणेने पाण्याचा तांब्याचा हंडा तिथेच पालथा केला. "घ्या. हा तरी खरा आहे."

हंडा मुशीत गेला, कथील गेलं, ओतकाम झालं. लालभडक असतानाच धोंडजीने ठोकून थाळ पसरला. आता तो राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत निवू द्यायचा, ही कासारांची बापजाद्यांची रीत. पाण्यात बुडवलेलं लोखंड ठिसूळ होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं. कांशाला पाणी दाखवायची छाती कुणाची?

पण हरबाशेटला दुसरा दिवस कुठला? त्यांनी पागोटं ओलं करून हातांना गुंडाळलं, थाळ उचलला आणि तळ्याकडे धावले.

"शेट, तडकेल!" धोंडजी ओरडला.

पाणी किंचाळलं. पागोटं जळून तळव्यांची साल थाळाच्या काठाला चिकटली होती, असं सांगतात. थाळ मात्र अखंड निघाला. कांसं लोखंडाच्या उलटं वागतं. सावकाश निवलं तर त्यातले कण आपापले गट करून बसतात आणि ठिसूळ होतात. एकदम निवलं तर गट करायला सवडच मिळत नाही. पण हे मी आज सांगतोय. तेव्हा गावाला वाटलं, तळ्याने शेटचा हात घेतला आणि थाळ दिला.

धोंडजीने टोला दिला. आवाज कड्यावर आपटून परत आला, आणि गाव शहारलं. मग टोल्यामागून टोला. घुंगरं जवळ येत गेली, आणि धुक्यातून पुढल्या बैलाचा कासरा धरून नारायण वर आला. मागोमाग सगळी माणसं. बैल दोन कमी होते.

हरबाशेटची बोटं पुन्हा वळली नाहीत. दुकान उघडलं तेव्हा पहिली आली सगुणा, मिठाला. शेट म्हणाले, "बाई, आता तराजू तूच धर."

"धरते. पण तोंड तिकडे फिरवा, शेट. तुम्ही नजरेनेही पारडं झुकवाल."

त्यांनी फिरवलं, म्हणे.

आजही इथला कासार लाल कांसं निवतळ्यातच विझवतो. आजही थाळपेठेत गिऱ्हाईक वजन करतं आणि दुकानदार भिंतीकडे बघतो. चला, चहा संपला. वाटीचं वजन राहिलंय, हा घ्या तराजू, मी तोंड फिरवतो. काय भरलं ते तुम्हीच सांगायचं, तुम्हीच मांडायचं. फक्त हिशेब चोख ठेवा. मला इकडून काही दिसत नाही.