आरवेनासा झालेला तुऱ्या

एका उंच गडावर होता एक राजा. त्या गडाच्या दरवाजाला ना कडी, ना कुलूप. दिवस मावळला की तो आपोआप मिटायचा आणि पहाटे राजाचा कोंबडा, तुऱ्या, आरवला की आपोआप उघडायचा. तुऱ्या आरवला नाही, तर हत्तींनी धडका दिल्या तरी हलायचा नाही, बरं का!

तुऱ्याला सांभाळायची हौसाक्का. पोटच्या पोरासारखा जीव लावायची. पण त्या वर्षी थंडी पडली कडाक्याची. राजा म्हणाला, "माझ्या तुऱ्याला वारा लागता कामा नये." मग खुराड्याच्या झरोक्यांवर मखमलीचे पडदे ठोकले. खाली जाड गालिचा अंथरला. हौसाक्काला वाटलं, हे काही बरं नाही. पण राजापुढे बोलणार कोण?

पहिल्या दिवशी तुऱ्या शिंकला. फिस्स! हौसाक्का म्हणाली, "थंडी आहे, होईल बरा."

दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, डोळ्यांत फेस आला. दाण्याला तोंड लावेना. आरवला, पण फुटक्या पिपाणीसारखा. दरवाजा कुरकुरत अर्धाच उघडला.

तिसऱ्या दिवशी तो मान लांब करून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागला. छातीत नुसती घरघर, घरघर. मग कसला आरवतो! दरवाजा मिटलेलाच राहिला.

आता आली पंचाईत. पाण्याचा झरा गडाखाली, आणि टाक्यात पाणी जेमतेम चार दिवसांचं. प्रधान म्हणाला, "नजर लागली. मिरच्यांची धुरी द्या!" निखारे आले, मिरच्या आल्या. हौसाक्का धावली आणि तिनं घमेलंच उचलून लांब नेलं. "धूर नको! आधीच श्वास पुरत नाही त्याला."

मग ती तटावर चढली. खाली गुराढोरांचा वैद्य भिवबा राहायचा. तिनं हाक मारली, "भिवबादादा, तुऱ्याची छाती घरघरतेय!"

भिवबानं खालून विचारलं, "मान वाकडी झालीय का?"

"नाही!"

"हिरवं पातळ हगतोय का?"

"नाही!"

"बाकीच्या कोंबड्या?"

"धडधाकट आहेत!"

"मग धीर सोडू नकोस. खुराड्यात शिर, खाली वाक, आणि वास घे."

हौसाक्का आत शिरली, वाकली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. गालिच्याखाली विष्ठा कुजलेली, ओल धरलेली. तिचाच जीव गुदमरला. "अगं बाई," ती म्हणाली, "आणि हा रात्रंदिवस इथंच!"

तिनं टराटरा पडदे ओढून काढले. तेवढ्यात राजा आला. "हौसा! हे काय चालवलंयस?"

"महाराज, वारा अंगावर झोंबू नये हे खरं. पण वरच्या झरोक्यांतून वारा खेळायला तर हवा! शिक्षा मग करा, आधी त्याला श्वास घेऊ द्या."

राजा खुराड्याजवळ आला. तुऱ्याची घरघर ऐकत उभा राहिला. आणि मग काय केलं ठाऊक आहे? बाह्या सावरून तो गालिचा त्यानं स्वतः गुंडाळला.

मग हौसाक्कानं तटावरून दोरी सोडली, बारीकशी, घागर न पेलणारी. भिवबानं तिला टोपली बांधून औषध वर पाठवलं. "तीन दिवस द्यायचं, सांगितलं तेवढंच. मध्येच बरा वाटला म्हणून थांबायचं नाही."

हौसाक्कानं तुऱ्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं. खाली कोरडा भुसा, अंगाला ऊब, रोज ताजं पाणी. ओल्या फडक्यानं ती त्याचं नाक पुसायची. आधी निरोग्या कोंबड्यांना दाणे टाकायची, मग तुऱ्याकडे जायची, आणि नंतर हात स्वच्छ धुवायची. पहिल्या दिवशी त्याची चोच मिटली. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन दाणे टिपले. तिसऱ्या दिवशी हौसाक्कानं त्याच्या छातीला कान लावला. घरघर नव्हती.

चौथ्या दिवशी टाकं कोरडं पडलं. पहाटे सगळा गड रिकाम्या घागरी घेऊन दरवाजापाशी उभा. लेकरंसुद्धा चिडीचूप. हौसाक्कानं तुऱ्याला हलकेच खाली ठेवलं. आणि तुऱ्यानं पंख फडफडवले, मान ताणली...

कुकूच्‌ कू!

दरवाजा धाडकन उघडला! माणसं हसत, धावत झऱ्यावर गेली. हौसाक्का मात्र पायरीवरच बसली. हसू येत होतं, रडूही येत होतं.

राजा तिच्याजवळ आला. "हौसा, माझं चुकलं की यापुढं तोंडावर सांगायचं."

"सांगेन, महाराज. माझंही चुकलं. आता पहिली शिंक ऐकली की भिवबादादाला हाक मारीन."

मग तुऱ्या पुष्कळ वर्षं जगला, आणि गडावरची माणसं पोटभर पाणी पिऊन सुखात राहिली. झालं हं. आता गोधडी गळ्यापर्यंत ओढा, नाकावर नको, आणि मिटा बघू डोळे.