टुमीचं हिरवं पांघरूण

फणसाची गार सावली. न्हाणीचं पाणी झिरपून माती नेहमी ओली. तिथे राहायची नखाएवढी बेडकी, टुमी. अंगावर हिरव्या हिरव्या पानांचं पांघरूण.

एक दिवस उठून बघते तर काय, पांघरूण वाळून गेलं. वरून कावळा बघतोय. आता लपायचं कुठे?

टुण, टुण, टुण. टुमी गेली हरळीकडे.
“हरळी, हरळी, माझ्याकडे येतेस?”
“नको गं बाई. मला ऊन लागतं. आंबुशीला विचार. तिला सावली आवडते, ओल आवडते.”

टुण, टुण, टुण. टुमी गेली आंबुशीकडे.
“आंबुशी, आंबुशी, माझ्याकडे ये. मग मला पांघरूण मिळेल.”
“येते की. पण माती ओली असली तरी किती घट्ट! गांडुळाला सांग.”

टुण, टुण, टुण. टुमी गेली गांडुळाकडे.
“गांडूळदादा, माती मऊ कर. मग आंबुशी येईल. मग मला पांघरूण मिळेल.”
“करतो की. पण पोटात काही नाही. फणसाला सांग.”

टुण, टुण, टुण. टुमी गेली फणसाकडे.
“फणसआजोबा, पान दे. मग गांडूळ माती मऊ करेल. मग आंबुशी येईल. मग मला पांघरूण मिळेल.”
“रोज देतो. बायजाआत्या रोज झाडून नेते. तिला सांग.”

टुण, टुण, टुण. टुमी गेली आत्याकडे. आत्याच्या हातात खराटा. खर्र, खर्र.
“आत्या, आत्या, खराटा ठेव. मग फणस पान देईल. मग गांडूळ माती मऊ करेल. मग आंबुशी येईल. मग मला पांघरूण मिळेल.”

आत्या म्हणाली, परस झाडलं नाही तर शेजारीण नावं ठेवेल. खर्र, खर्र. मग खराटा थांबला.
“कोण येईल म्हणालीस?”
“आंबुशी.”

आत्याला आठवलं. लहानपणी शाळेतून येताना ती आणि तिची ताई आंबुशी खुडायच्या. मीठ लावून खायच्या. आंबट आंबट! दोघींचा एकेक डोळा मिटायचा. किती दिवस झाले त्याला.

आत्याने खराटा भिंतीला टेकवला.
“पुढचं अंगण झाडीन. फणसाखाली नाही.”

मग फणसाने पान दिलं. टप.
गांडुळाने खाल्लं. मच, मच.
माती झाली मऊ मऊ.
आंबुशी आली पसरत, सर, सर, सर.
टुमीला मिळालं पांघरूण. कावळ्याला ती दिसेचना.

आत्या हळूच आली. एक पान खुडलं. तोंडात टाकलं. एक डोळा मिटला.

खालून बारीक आवाज आला,
“आत्या, माझं पांघरूण खाऊ नकोस.”
“एकच गं,” आत्या म्हणाली. “ताईसाठी अजून एक.”