बुडत्या वाटीचा वसा

ऐका घटकामाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, आणि त्या नगराला मडकी पुरवणारं एक कुंभाराचं घर होतं. कुंभाराचं नाव कुशाबा, कुंभारणीचं नाव भिवरा. कुशाबा चाक फिरवी, भिवरा माती मळी. दोघांना एकच लेक होती. फार दिवसांनी झाली, फार आवडीची झाली, म्हणून तिचं नाव आवडी ठेवलं. आवडी मातीत लोळे, आईच्या मांडीवर झोपे, बापाच्या चाकावर बोट टेकवून खदखदा हसे.

मग काय झालं? आवडीला आठवं वर्ष लागलं आणि तिच्या मनात भीती शिरली. कुणी काही केलं नव्हतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं, कुणाची दृष्ट लागली नव्हती. ताप यावा तशी भीती आली. आवडी हात धुऊ लागली. एकदा धुतले, दोनदा धुतले, तीनदा धुतले. धुऊन झाले की आईला विचारी, “आई, झाले ना स्वच्छ?” आई म्हणे, “झाले गं बाई.” मग आवडीला क्षणभर बरं वाटे. क्षण सरला की भीती परत दारात. मग पुन्हा तांब्या, पुन्हा “झाले ना?”, पुन्हा “झाले गं बाई.”

तीन तांब्यांचे सात झाले. सातांचे एकवीस झाले. पाणी ओतायला आई, पाणी भरायला बाप. पोरीच्या हातांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त येऊ लागलं. शेजारणी आल्या, दारातूनच म्हणाल्या, “केवढं सोवळं गं पोरीचं. मागल्या जन्मीची जोगीण दिसते.” भिवराला ते ऐकून बरं वाटलं. आईच ती. लेकीच्या दुखण्याला कुणी पुण्याई म्हटलं, तर कुठली आई नाही म्हणेल?

मग एके दिवशी भिवरा फणी घेऊन लेकीची वेणी घालायला बसली. आवडी दोन हात मागं सरली. “आई, शिवू नको,” म्हणाली. भिवरानं आपल्या हातांकडं पाहिलं. हातांना माती होती. कुंभारणीच्या हातांना दुसरं काय असणार? तिला वाटलं, पोरीला माझ्या मातीची किळस येते. ती मुकाट उठली. फणी कोनाड्यात ठेवली. आवडीनंही आईला काही सांगितलं नाही.

मग आईबापांनी काय केलं? तुम्हीआम्ही जे केलं असतं तेच केलं. आधी माती अंगणातून परसात नेली. मग परसातून ओढ्याच्या काठी नेली. मग चाकच उचलून ओढ्यापलीकडं नेलं. कुशाबा पडवीत जेवू लागला. भिवरा ओढ्यावर न्हाऊन, लुगडं पालटून मगच उंबरा ओलांडू लागली. एवढं करून भीती गेली का? जेवढी जागा रिकामी केली, तेवढी भीती ऐसपैस बसली. ओढ्यापलीकडं गिऱ्हाईक कोण जाणार? मडकी पडून राहिली. चाक थांबलं, मडकी भाजायचा आवा विझला. घरात एक वेळची आमटी शिजू लागली, तीही पातळ.

भिवराला पातळ आमटीचं दुःख नव्हतं. तिला लेक हवी होती. लेक समोर होती, दोन हातांवर होती, आणि तरी हवी होती. शेजारीण आपल्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत बसे, पोर पेंगत असे, ते पाहून भिवराच्या बोटांना कळ येई. मांडी रिकामी ती रिकामीच. एकदा वाळत घातलेला लेकीचा परकर तिनं तोंडाशी धरला. परकराला लेकीचा वास नव्हता, नुसता रिठ्याचा वास होता. भिवरा परकर तोंडात कोंबून रडली. पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.

अशी दोन वर्षं गेली. मग मार्गशीर्ष आला. पहिला मंगळवार आला. भिवरा ओढ्यावर न्हायला गेली. तिथं एक म्हातारी चिखलात पाय सोडून बसली होती. लुगडं मळकं, हात मळके, तोंडात दात तीन. पुढ्यात घंगाळ, घंगाळातल्या पाण्यावर एक मातीची वाटी तरंगत होती. भिवरा चार पावलं बाजूला झाली आणि म्हणाली, “आजी, मला शिवू नका. माझ्या घरी लेक आहे.”

म्हातारी म्हणाली, “लेक घरी असली की माणसानं माणसाला शिवू नये, हे कुठल्या गावचं शास्त्र?”

भिवरा मटकन खाली बसली. तिनं सगळं सांगितलं. एकवीस तांबे सांगितले, चाक सांगितलं, परकर सांगितला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू जे केलंस ते मायेनं केलंस. पण पाणी फार झालं की चाकावरचं मडकं बसतं, हे तुला कुंभारणीला मी सांगावं काय?”

भिवरा म्हणाली, “मग मी काय करू? तुम्ही हा कसला वसा वसता, तो मला सांगा.”

“घटकामाईचा वसा. भीती आली की तिच्या शेजारी बसून राहायचं, एवढाच वसा.”

“हा तर सोपा आहे.”

“सोपा म्हणू नको. पहिल्या हुंदक्याला टाकशील.”

“टाकणार नाही.”

“टाकशील,” म्हातारी म्हणाली, “पण टाकलास तर पुन्हा उचल. आता ऐक. कुशाबाकडून तीन वाट्या करून घे. पहिलीच्या बुडाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, दुसरीला बाजरीच्या दाण्याएवढं, तिसरीला सुईच्या टोकाएवढं. घंगाळात पाणी घ्यावं. लेकीनं हात धुवायला पाणी मागितलं की वाटी पाण्यावर सोडावी. वाटी भरून बुडेपर्यंत हातावर पाणी घालू नये. ‘झाले स्वच्छ’ म्हणू नये. रागावू नये, समजावू नये, उठून जाऊ नये. दोनच बोल बोलावे. ‘भीती वाटते, मला कळतं. तुला ती सोसवेल, मला ठाऊक आहे.’ हे दोन्ही बोल खरे मानून बोलावे. बापानंही तेच बोलावं. आणि वसा चोरून वसू नये. आधी लेकीला सगळं सांगावं, मग वसावा.”

भिवरानं पाया पडायला डोकं वाकवलं. वर पाहिलं तर काठावर कुणी नाही. चिखलात दोन पावलं तेवढी उमटलेली.

मग भिवरा घरी आली. तिनं नवऱ्याला सांगितलं. कुशाबानं बऱ्याच दिवसांनी चाकाला हात लावला, तीन वाट्या केल्या, उन्हात वाळवल्या, गोवऱ्यांत भाजल्या. मग दोघांनी आवडीला समोर बसवलं. भिवरा म्हणाली, “आवडे, इतके दिवस आम्ही भीतीचं ऐकलं. आता तुझ्या बाजूनं बसणार आहोत. पाणी मिळेल, पण वाटी बुडल्यावर.” आवडी रडली. आईला म्हणाली, “तू दुष्ट आहेस.” भिवराच्या काळजाचं पाणी झालं, पण ती म्हणाली, “तुला राग आला, येऊ दे.”

मग पहिली वाटी सोडली. ज्वारीएवढं भोक, बघता बघता भरली आणि बुडाली. आवडी तेवढा वेळ कशीबशी बसली. एक आठवडा गेला. एकविसांचे सतरा तांबे झाले, सतरांचे बारा झाले. भिवराला वाटलं, आता काय, गंगेत घोडं न्हालं.

मग दुसरी वाटी सोडली. बाजरीएवढं भोक. वाटी हलेना, डुलेना, बुडेना. आवडी रडली, ओरडली, भिंतीवर डोकं आपटू लागली. “आई गं, एकदाच. एकदाच म्हण ना, झाले स्वच्छ म्हणून.” ‘आई गं’ म्हणून लेकीनं हाक मारावी, याची भिवराला किती दिवसांची भूक. ती विरघळली. तिनं बोटानं वाटी बुडवली, पाणी ओतलं, “झाले गं बाई” म्हणाली. मग काय झालं? गेलेलं सगळं व्याजासकट परत आलं. बारांचे तीस तांबे झाले.

भिवरा रडत ओढ्यावर गेली. म्हातारी तिथंच होती. भिवरा म्हणाली, “माय, वसा मोडला. आता शाप द्या, पण तो मला द्या, लेकीला नको.” म्हातारी आपले तीन दात दाखवून हसली. बायांनो, दुसऱ्या देव्या रागावतात, राज्यं बुडवतात, नवरे परागंदा करतात. घटकामाई रागावत नाही. तिला वेळच नसतो. ती म्हणाली, “मोडला तर मोडला. घरी जा, वाटी पुन्हा सोड.”

मग भिवरानं दुसरी वाटी पुन्हा सोडली. तीन आठवडे सोडली. ह्या खेपेला कुशाबा तिच्या शेजारी बसला. तिचा धीर सुटे तेव्हा तो बोल बोले, त्याचा सुटे तेव्हा ती बोले.

मग तिसरी वाटी आली. सुईच्या टोकाएवढं भोक. कुशाबा आवा रचायला गेला होता, मायलेकी दोघीच होत्या. भिवरानं वाटी सोडली. आवडी रडली. रडून थकली. थकून गप्प झाली. पाणी वाटीत थेंबाथेंबानं चढत होतं. भिवरा म्हणाली, “भीती वाटते, मला कळतं.”

आवडी म्हणाली, “तुला काही कळत नाही.”

भिवरा उठली नाही. रागावली नाही. “मग सांग,” म्हणाली.

वाटी अर्धी भरली तेव्हा आवडी बोलली. “मला तुझ्या मातीची भीती नाही गं. माझ्या हाताची आहे. माझ्या हातांना काहीतरी आहे. ते तुला लागेल आणि तू मरशील. म्हणून मी तुला शिवत नाही.”

आता भिवराला उमगलं. किळस नव्हती. लेक आईपासून पळत नव्हती, आईला वाचवत होती. दोन वर्षं, एकवीस तांब्यांनी, रक्त येईस्तोवर. भिवराच्या ओठांवर शब्द आले, वेडे, मला काही होत नाही, ये इकडं. जगातली कुठलीही आई हेच म्हणेल. पण तिला ठाऊक होतं, हे एकदा म्हटलं की उद्या सात वेळा म्हणावं लागेल, परवा एकवीस वेळा. तिनं ते शब्द गिळले. औषधाचा काढा गिळावा तसे गिळले. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं, ते तिनं वाहू दिलं. म्हणाली, “एवढी मोठी भीती तू एकटीनं वागवलीस. आता मी शेजारी आहे. तुला ती सोसवेल, मला ठाऊक आहे.”

आवडीनं विचारलं, “पण तू मरणार नाहीस ना?”

भिवरानं उत्तर दिलं नाही. ती बसून राहिली. वाटी भरली, कलली, तळाशी गेली. आवडीनं तांब्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. त्या दिवशी तिनं तीन तांबे घेतले आणि उठली.

मग चाक ओढ्यापलीकडून काठावर आलं, काठावरून परसात आलं, परसातून अंगणात आलं. गिऱ्हाईक आलं, आवा पेटला, आमटी दाट झाली. भीती गेली का? समूळ गेली नाही. पाहुण्यासारखी येई, तिला कुणी पाट मांडत नसे, मग आपली आपण उठून जाई. आवडी अजून आईला शिवली नव्हती. भिवरानं हात पुढं केला नाही. मनात रोज केला, पण देहानं केला नाही.

मग चैत्रात एकदा भर दुपारी आवा उघडला. गरम मडकी काढता काढता सगळ्यांचे हात राखेनं भरले. आवडीचेही भरले. भिवरा मडकी रचत खाली बसली होती. आवडी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. तिनं दोन्ही हात उचलले, आईच्या दोन्ही गालांवर ठेवले आणि तिथंच राहू दिले.

“आई, मला भीती वाटतेय,” म्हणाली.

“कळतं गं,” भिवरा म्हणाली.

त्या दिवशी भिवरा मडकी घेऊन तशीच बाजारात गेली. दोन गालांवर राखेचे दोन पंजे. बाया हसल्या, “अगं, तोंड धू की.” भिवरानं त्या दिवशी तोंड धुतलं नाही.

जशी भिवराला तिची लेक भेटली, तशी तुम्हाआम्हाला आपापली लेकरं भेटोत. ज्यांची वाटी अजून तरंगते आहे, त्यांना शेजारी बसायला बळ मिळो. साठ वेळा मागितलेल्या उत्तराची ही कहाणी, एका न दिलेल्या उत्तरी सुफळ संपूर्ण.